अ‍ॅन्सन जोन्स: टेक्सासचा शेवटचा राष्ट्राध्यक्ष परत डॉक्टर का झाला नाही?

ब्राझोसकाठ

लेक सातवीत आहे. इथे टेक्सासात सातवीला टेक्सासचाच इतिहास असतो, म्हणून गेल्या शनिवारी तिला घेऊन वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला गेले. ह्यूस्टनहून गाडीने साधारण दीड तास. तिथे बॅरिंग्टन नावाचं जुनं शेत जुन्या पद्धतीनेच राखलंय. बैल, डुकरं, कोंबड्या, कापसाचं शेत. आणि त्या शेताच्या मालकाचं घर.

मालक म्हणजे डॉ. अ‍ॅन्सन जोन्स. टेक्सास १८३६ साली मेक्सिकोपासून फुटून स्वतंत्र देश झाला, त्या देशाचे हे शेवटचे राष्ट्राध्यक्ष. १९ फेब्रुवारी १८४६ ला ऑस्टिनमध्ये त्यांनी भाषण केलं, ‘टेक्सासचं प्रजासत्ताक आता उरलेलं नाही’ असं म्हणाले आणि कारभार अमेरिकेतल्या नव्या राज्याच्या हवाली केला. तेव्हा वय ४८. त्यानंतर बारा वर्षं ते या शेतावर राहिले, कोणीतरी बोलावेल याची वाट बघत. ९ जानेवारी १८५८ ला ह्यूस्टनच्या एका हॉटेलात त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

परत येताना गाडीत लेकीने विचारलं, “आई, तो डॉक्टर होता ना? मग नंतर परत डॉक्टर का नाही झाला?” मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तोच प्रश्न डोक्यात आहे. इथे डॉक्टर मंडळी आहेत, इतिहासवाले आहेत. सांगा.

मुळशीचा_पाऊस

टेक्सास हा स्वतंत्र देश होता हेच मला आज कळलं! वाचतोय. लिहा अजून.

डॉ_पारिजात

छान प्रश्न विचारलाय तुमच्या लेकीने. पण त्याआधी डॉक्टर म्हणून ते कसे घडले ते बघा. जन्म १७९८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनचा (शेताचं नाव त्यावरूनच). त्या काळी अमेरिकेत डॉक्टर व्हायला कॉलेजात जावंच लागायचं नाही. एखाद्या जुन्या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करायची आणि जिल्ह्याच्या वैद्यक मंडळाकडून परवाना घ्यायचा. जोन्स यांनी १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा इथून तो घेतला. बेनब्रिज गावात दवाखाना टाकला, चालला नाही. नॉर्विचला गेले, तिथेही जम बसला नाही. पश्चिमेकडे नशीब काढायला निघाले, तर फिलाडेल्फियात एका सावकाराने कर्जापायी अटक करवली. मग तिथेच थोडी डॉक्टरकी, थोडी शाळामास्तरकी. १८२४ ला थेट व्हेनेझुएला. दोन वर्षांनी परत येऊन फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात शिकले आणि १८२७ ला एम.डी. झाले.

म्हणजे परवाना आधी, पदवी सात वर्षांनी. आणि एवढं करूनही १८३२ मध्ये त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि न्यू ऑर्लीन्सला अडत्याचा धंदा सुरू केला. तिथे कॉलरा आणि पीतज्वराच्या साथींतून वाचले, पण धंद्यात बुडाले. दारू आणि जुगाराच्या नादीही लागले होते.

तेव्हा लेकीला सांगा, राजकारण भेटण्याआधीच या माणसाने डॉक्टरकी एकदा टाकून दिली होती.

सुमतीची_नात

फिलाडेल्फिया वाचून आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांनाही वैद्यकीची पदवी फिलाडेल्फियातच मिळाली, १८८६ मध्ये, स्त्रियांच्या वेगळ्या कॉलेजातून. जोन्स यांच्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी. आपल्या आनंदीबाईंना मात्र ती विद्या वापरायला वर्षही मिळालं नाही. एकाने विद्या मिळवून सोडली आणि एकीला आयुष्यच पुरलं नाही. (अवांतराबद्दल क्षमस्व, पण राहवलं नाही.)

ब्राझोसकाठ

क्षमा कसली, लेकीला हे आत्ताच वाचून दाखवलं. आनंदीबाई तिला माहीत आहेत, पण दोघांचं गाव एकच हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

जुना_ह्यूस्टनकर

डॉ. पारिजात यांच्या पुढची गोष्ट सांगतो, कारण तिथे उत्तराचा अर्धा भाग आहे.

ऑक्टोबर १८३३ मध्ये जोन्स टेक्सासला आले. जागा आवडली नाही, परतीच्या बोटीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. ब्राझोरिया गावातल्या लोकांनी अडवलं, म्हणाले, थोडं राहून तरी बघा. राहिले आणि काय आश्चर्य, दवाखाना धो धो चालला. वर्षाला पाच हजार डॉलरची प्राप्ती झाली म्हणतात, आणि ती १८३० च्या दशकात! नदीकाठची दलदल, हिवताप पाचवीला पुजलेला, आणि पदवीधर डॉक्टर औषधालाही मिळत नव्हता. पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा या माणसाला कोणीतरी ‘तुम्ही आम्हाला हवे आहात’ असं म्हटलं होतं.

मग १८३६ चं मेक्सिकोविरुद्धचं युद्ध. हा कर्तृत्ववान डॉक्टर फौजेत भरती झाला तो साधा शिपाई म्हणून. दुसऱ्या रेजिमेंटचा शल्यवैद्य झाला, लष्करी न्यायाचं कामही केलं, पण नाव शिपायांच्या यादीतच ठेवायचं हा त्यांचा हट्ट. २१ एप्रिलला सान हासिंतोची लढाई झाली. मुख्य चकमक जेमतेम अठरा मिनिटांची. लढाईनंतर मैदानात त्यांना मेक्सिकन कर्नल आल्मोन्ते यांची रोजनिशी सापडली, ती न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आली. पाहिलेलं टिपून ठेवायची आणि कागद जपायची सवय तेव्हाची. तिच्याकडे पुढे येऊच.

युद्धानंतर ते ब्राझोरियाला परतले आणि पुन्हा दवाखाना उघडला. तेव्हा ‘परत डॉक्टर झाले’ हे एकदा घडलेलं आहे. १८३७ ला टेक्सासच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, निवडून आले आणि तिथून मात्र गाडी वळली ती वळलीच.

मुळशीचा_पाऊस

सैन्यात डॉक्टर असून शिपाई म्हणून राहायचा हट्ट हे फार आवडलं.

नांदेडची_गोदा

मला हे वाचताना सारखं आमचं हैदराबाद संस्थान आठवतंय. माझी आजी सप्टेंबर १९४८ च्या गोष्टी सांगायची. स्वतंत्र राहायचं की विलीन व्हायचं, आणि मध्ये लटकलेली माणसं. टेक्सासचंही तसंच झालं का?

कडुलिंब

गोदाताई, तुलना समजते, पण मला ती पटत नाही. मराठवाड्यातल्या जनतेला विलीन व्हायचं होतं आणि निजाम आडवा येत होता. टेक्सासात राजा नव्हता. अमेरिकेतून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीच तो देश काढला होता आणि बहुतेकांना पहिल्या दिवसापासून अमेरिकेतच जायचं होतं. अमेरिकाच घेत नव्हती. ८ जून १८४४ ला अमेरिकेच्या सिनेटने विलीनीकरणाचा तह ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. कारण उघड होतं, आणखी एक गुलामगिरीवालं राज्य आत घ्यायचं का.

आणि ज्याबद्दल इथे अजून कोणी बोललं नाही ते मी बोलतो. बॅरिंग्टनच्या शेतात कापूस पिकवला कोणी? डॉ. जोन्स यांनी नांगर धरला नव्हता. गुलाम माणसांच्या श्रमावर ते शेत चालत होतं. टेक्सासच्या १८३६ च्या घटनेत तर काँग्रेसला गुलामांची मुक्तता करण्याचा अधिकारच नव्हता, आणि मालकालाही काँग्रेसच्या संमतीवाचून आपला गुलाम मोकळा करता येत नसे. ‘बिचारा उपेक्षित डॉक्टर’ ही गोष्ट सांगताना त्याच अंगणात राबणाऱ्यांची उपेक्षा आपण करू नये.

ब्राझोसकाठ

कडुलिंब, तुमचं खरं आहे, मी ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तिथे गुलामांच्या खोपटासारखी एक खोली उभी केली आहे. लेक तिथे बराच वेळ थांबली होती, मालकाच्या घरात थांबली त्याहून जास्त.

नांदेडची_गोदा

पटलं, कडुलिंब. फरक नीट सांगितलात.

जुना_ह्यूस्टनकर

आता मुख्य भागाकडे येतो, जरा लांबेल.

जोन्स १८४१ पासून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टन यांचे परराष्ट्रमंत्री होते. सप्टेंबर १८४४ ला एडवर्ड बर्लसन यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले, आणि तेही विलीनीकरण हवं की नको हे एकदाही जाहीर न सांगता! डिसेंबरात पदावर आले. फेब्रुवारी १८४५ च्या अखेरीस अमेरिकेच्या काँग्रेसने टेक्सासला आत घेण्याचा संयुक्त ठराव केला. लोक नाचायला लागले, लगेच सही करा म्हणाले.

जोन्स गप्प. २९ मार्चला त्यांनी ब्रिटनचे राजनैतिक प्रतिनिधी चार्ल्स इलियट आणि फ्रान्सचे प्रतिनिधी सालिन्यी यांना शब्द दिला, की नव्वद दिवस मी काही करत नाही. तेवढ्यात इलियट यांनी मेक्सिकोला जाऊन टेक्सासचं स्वातंत्र्य मान्य करून आणायचं, अट एकच, टेक्सासने अमेरिकेत जायचं नाही. ही गोष्ट गुप्त होती, त्यामुळे लोकांना एवढंच दिसलं, की राष्ट्राध्यक्ष टाळाटाळ करतोय. सभा भरल्या, त्यांच्या पुतळ्याला आग लावली गेली, सरकार उलथून टाकायच्या धमक्या आल्या. त्यांचे नवे परराष्ट्रमंत्री अ‍ॅशबेल स्मिथ यांचाही पुतळा जाळला. (तेही डॉक्टरच, बरं का. गॅल्व्हेस्टनच्या १८३९ च्या पीतज्वराच्या साथीवर त्यांनी लिहिलेलं प्रसिद्ध आहे.) जोन्स तरी तोंड उघडेनात.

जूनच्या सुरुवातीला मेक्सिकोचा होकार हातात आला आणि ४ जूनला त्यांनी सगळं लोकांपुढे ठेवलं: हा घ्या मेक्सिकोशी तह आणि स्वातंत्र्य, आणि हे घ्या अमेरिकेत विलीनीकरण. निवडा. टेक्सासच्या सिनेटने मेक्सिकोचा तह एकमताने नाकारला. ४ जुलैला ऑस्टिनमध्ये अधिवेशन भरलं, तिथे विलीनीकरणाच्या बाजूने ५५ आणि विरोधात १ मत. पुढे लोकांनी मतदान केलं आणि २९ डिसेंबरला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पोल्क यांची सही झाली.

माझं मत स्पष्ट आहे. नऊ वर्षं मेक्सिको जे देत नव्हता ते जोन्स यांनी काही महिन्यांत मिळवलं, आणि लोकांना खरी निवड दिली. मुत्सद्देगिरीचं एवढं नेटकं काम त्या प्रजासत्ताकात दुसऱ्या कोणी केलं नाही.

कडुलिंब

काम नेटकं, मान्य. पण लोकांना कळलं का? नाही. ज्याच्यासाठी आपण सगळं करतो त्याला एका शब्दानेही विश्वासात घ्यायचं नाही आणि नंतर तो आपल्याला ओळखत नाही म्हणून झुरायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. गुप्तता जूनपर्यंत लागली, नंतर कशाला?

रानजाई

आमच्या घरी वडील असेच होते. घरासाठी हाडं झिजवली, पण काय केलं ते कधी सांगितलं नाही, आणि मग सणावारी कोणी चौकशी केली नाही की आठ-आठ दिवस अबोला. आम्हा मुलांना त्यांचं करणं त्यांच्या माघारी कळलं, कपाटातल्या वह्यांवरून. जोन्स यांच्याबद्दल वाचताना घसा दाटून आला.

जुना_ह्यूस्टनकर

रानजाई, तुमच्या वडिलांच्या वह्यांसारखंच जोन्स यांचं झालं. सगळी पत्रं, टिपणं, सरकारी पत्रव्यवहार त्यांनी स्वतः जुळवून ठेवला होता. त्यांच्या मृत्यूनंतर १८५९ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. मी वाचलंय. ह्यूस्टन यांच्यावरचा राग जागोजागी आहे, आणि विलीनीकरण मी घडवलं हे पुनःपुन्हा पटवून देण्याची धडपड. ज्यांना पटवायचं होतं त्यांच्यापुढे हे बोलणं आलं ते गेल्यावर.

भिंगरी

विषयांतर होतंय, पण वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला जाणाऱ्यांनी मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जावं. रस्त्याच्या दोन्ही कडांना ब्लूबॉनेटची निळी शेतं. आणि ब्रेनहॅमला थांबून आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही, आमच्याकडे हा नियम आहे.

ब्राझोसकाठ

भिंगरी, आइस्क्रीम झालं! इतिहासाच्या सहलीला लेक तयार झाली ती त्याच बोलीवर.

सुमतीची_नात

ह्यूस्टन आणि जोन्स यांचं एवढं बिनसलं कशावरून?

जुना_ह्यूस्टनकर

एक घटना दाखवता येणार नाही, साचत गेलं. टेक्सास राज्य झाल्यावर विधिमंडळाने अमेरिकेच्या सिनेटवर दोन माणसं पाठवली, सॅम ह्यूस्टन आणि थॉमस रस्क. जोन्स यांना वाटत होतं एक जागा आपली. शिवाय विलीनीकरणाचं श्रेय लोकांनी ह्यूस्टन यांना दिलं, आणि ह्यूस्टन बोलण्यात पटाईत, सहा फुटांहून उंच, सान हासिंतोचा विजयी वीर. जोन्स यांच्याकडे यातलं काही नव्हतं.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जोन्स यांच्या थोरल्या मुलाचं नाव आधी सॅम्युएल ह्यूस्टन जोन्स होतं. ते बदलून सॅम्युएल एडवर्ड केलं. आणि दुसऱ्याचं नाव चार्ल्स इलियट, त्या ब्रिटिश प्रतिनिधीवरून. घरातल्या मुलांना हाका मारतानासुद्धा हे राजकारण त्यांच्या तोंडी असणार.

मुळशीचा_पाऊस

बाप रे. मुलाचं नाव बदललं!

डॉ_पारिजात

मूळ प्रश्नाकडे वळते. दोन दिवस विचार करतेय.

पहिलं, त्या काळची डॉक्टरकी म्हणजे काय ते लक्षात घ्या. शीर तोडून रक्त काढायचं, पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचं, वांत्या आणि जुलाब करवायचे. जंतूंचा सिद्धांत यायचा होता, बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करणं १८४६ नंतर रुळलं. हिवतापावर क्विनाइन हे खरोखर गुण देणाऱ्या मोजक्या औषधांपैकी एक. कॉलरा आणि पीतज्वराच्या साथी न्यू ऑर्लीन्समध्ये डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला आपल्या पेटीत त्यावर काहीही नाही हे पक्कं ठाऊक असणार. माझ्या इंटर्नशिपच्या काळात एक साथ आली होती, तेव्हा आमच्याकडे सलाईन होतं, प्रतिजैविकं होती, तरी रात्री घरी येऊन मी रडले आहे. जोन्स यांच्याकडे तेही नव्हतं. राजकारणात निदान एखादी गोष्ट हातून पुरी होते. विलीनीकरण झालं. रोगी मात्र आज वाचला तर उद्या दुसरा येतो.

दुसरं, १८४९ मध्ये ते घोड्यावरून पडले आणि डावा हात कायमचा अधू झाला. त्या काळच्या डॉक्टरला दोन हात लागायचेच. घोड्यावर बसून दहा-दहा मैल जायचं, हाड बसवायचं, बाळंतपण करायचं. पुन्हा दवाखाना काढायचं मनात आलं असतं तरी १८४९ नंतर ते जमलं नसतं.

तिसरं जरा जपून बोलते. बारा वर्षांचं झुरणं, सतत दुखणारा हात, आपल्याला कोणी विचारत नाही हीच एक गोष्ट मनात घोळवत राहणं. आज माझ्यापुढे असा माणूस बसला तर मी त्याच्याशी राजकारण बोलणार नाही, त्याला एकटं सोडणार नाही आणि उपचार सुरू करीन. ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांनी ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडू नका. विचारा, बसा जवळ, डॉक्टरकडे न्या.

रानजाई

पारिजातताई, धन्यवाद. एवढंच लिहिते.

कडुलिंब

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून माझा सूर जरा कडक झाला होता असं वाटलं. गुलामगिरीबद्दल बोललो त्यातला शब्दही मागे घेत नाही, पण झुरण्याबद्दल बोललो तो माझा उथळपणा होता.

शेवटचं वर्ष कसं गेलं?

जुना_ह्यूस्टनकर

१८५७ च्या जुलैमध्ये रस्क यांनी आत्महत्या केली. सिनेटमधली त्यांची जागा रिकामी झाली. ह्यूस्टन यांचीही मुदत संपत आली होती आणि विधिमंडळ त्यांच्यावर नाराज होतं. म्हणजे दोन्ही जागा मोकळ्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा जोन्स यांना वाटलं, आता आपल्याला बोलावतील. ऑस्टिनला मतदान झालं. एक जागा हेंडरसन यांना, दुसरी हेम्फिल यांना. जोन्स यांना मतं पडली शून्य.

मग त्यांनी बॅरिंग्टन पडत्या भावात विकलं आणि जानेवारीत ह्यूस्टनला आले. उतरले ते ओल्ड कॅपिटल हॉटेलात. ही इमारत म्हणजे पूर्वीचं टेक्सास प्रजासत्ताकाचं संसद भवन. १८३७ ला काँग्रेसचे सभासद म्हणून त्यांचं राजकारण इथूनच सुरू झालं होतं. शेवटही तिथेच झाला.

डाउनटाउनमध्ये मेन आणि टेक्सास रस्त्यांच्या चौकात राईस नावाची मोठी इमारत आहे ना, तीच जागा. पुढे तिथे राईस हॉटेल उभं राहिलं, १९६३ मध्ये केनेडी हत्येच्या आदल्या दिवशी तिथेच थांबले होते. मी तिथून वर्षानुवर्षं ऑफिसला गेलो आहे, आणि जोन्स यांची गोष्ट कळल्यापासून त्या चौकात पाय आपोआप मंदावतो.

भिंगरी

त्यांच्या बायकोचं काय झालं? अशा गोष्टींत बायको नेहमी मधल्या पानांत हरवते.

जुना_ह्यूस्टनकर

मेरी जोन्स हरवल्या नाहीत! ३८ व्या वर्षी विधवा, पदरी चार मुलं. मुलं वाढवली, शेती सांभाळली, आणि १८९१ मध्ये ‘टेक्सास प्रजासत्ताकाच्या कन्या’ ही संस्था निघाली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९०७ च्या शेवटच्या दिवशी गेल्या. नवऱ्यानंतर जवळपास पन्नास वर्षं.

भिंगरी

हे वाचून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

नांदेडची_गोदा

त्यांच्यावरही वेगळा धागा काढा कोणीतरी.

ब्राझोसकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला पूर्ण धागा वाचून दाखवला, जिथे मराठी अडलं तिथे समजावून सांगितलं. डॉ. पारिजात यांची हाताबद्दलची पोस्ट तिने दोनदा वाचायला लावली. प्रकल्पात तिने आता दोन चित्रं काढली आहेत. एक जोन्स यांची औषधांची पेटी, झाकण बंद. दुसरं ती गुलामांची खोली, दार उघडं, आणि खाली लिहिलंय, ‘इथे राहणाऱ्यांची नावं शोधायची आहेत.’

तिला आता त्यांची समाधी बघायची आहे. ह्यूस्टनमध्येच आहे ना?

जुना_ह्यूस्टनकर

हो, ग्लेनवूड दफनभूमीत, वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर. ते गेले तेव्हा ही दफनभूमी नव्हती, नंतर त्यांना तिथे हलवलं. झाडं मोठी आहेत, पण दुपारी ऊन भाजून काढतं. रविवारी सकाळी मी मोकळा आहे. आठ वाजता फाटकाशी भेटू या का? पाणी आणि टोपी घेऊन या.

ब्राझोसकाठ

आठला पोचतो. लेकीने विचारलंय, फुलं नेली तर चालतील का.

जुना_ह्यूस्टनकर

चालतील. मीही आणतो.